उसनी जीभ

याबुझाकी कोकिची वाम खात नसे. ओई नदीच्या मुखाशी, जिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या वामींची तळी राखून जगले, तिथे असा माणूस तो एकटाच. तो वाघाच्या वर्षी जन्मला होता. वाघाच्या वर्षी जन्मलेल्यांचा पाठीराखा कोकुझो बोधिसत्त्व, आणि वाम ही कोकुझोची दूत. कोकिची पाळण्यात असताना त्याला ताप भरला आणि त्याने डोळे फिरवले, तेव्हा आईने डोंगरावरच्या देवळात जाऊन नवस बोलला की पोर जगलं तर जन्मभर वामीला तोंड लावणार नाही. पोर जगलं. नवस बोलली आई आणि पाळला पोराने.

गावाने यावर हसून घ्यायचं तेवढं घेतलं होतं. शेजारच्या तळ्यांचा मालक मासुई इवाओ हा त्याचा शाळेपासूनचा सोबती. परक्या माणसाला तो कोकिचीची ओळख करून द्यायचा ती अशी, की हा जन्मभर दारू गाळतो आणि पाणी पितो. कोकिचीही मग उलट सुनवायचा. इवाओने आपली बहुतेक तळी कधीच बुजवून प्लास्टिकच्या छपराखाली गरम पाण्याच्या टाक्या बांधल्या होत्या, मातीचं उघडं तळं त्याच्याकडे एकच उरलं होतं. कोकिची म्हणायचा, तुझ्या वामी हॉटेलात राहतात, त्यांना ऊन-पाऊस काय ते टीव्हीवर कळतं.

कोकिचीला पाणी वाचता येई. उघड्या तळ्याचं पाणी हिरवं राखावं लागतं, आणि ते हिरवेपण एका रात्रीत बिघडू शकतं. सकाळी बांधावर उभं राहिलं की त्याला कळे, आज पाणी जड आहे, पाणी ढवळणारी चाकं जास्त वेळ फिरवायला हवीत, किंवा आज खाणं कमी द्यायला हवं. माशांच्या पिठाचा गोळा मळून तो खोपीतून पाण्यात सोडी आणि वामी कशा तुटून पडतात त्यावरून दिवस कसा जाईल ते सांगे. एवढं सगळं त्याचं. चव मात्र बायकोची, फुसाएची.

तळ्यातून काढलेली वाम तशीच बाजारात जात नाही. चिखलात वाढलेलं जनावर, अंगाला चिखलाचा वास असतोच. म्हणून वामी भोकांच्या टोपल्यांत घालायच्या, टोपल्या एकावर एक रचायच्या आणि वरून जमिनीखालच्या गार पाण्याची धार सोडायची. खायला काही द्यायचं नाही. या साऱ्याला गावात नुसतं धार म्हणत. धार कमी पडली तर वास राहतो. जास्त झाली तर वाम उपाशी राहून रोडावते, चरबी उतरते आणि कातडं चिवट होतं. मधली वेळ केव्हा आली ते जिभेलाच कळतं, आणि ती वेळ दर तळ्याची वेगळी, दर उन्हाळ्याची वेगळी.

फुसाए धारेतून एक वाम काढायची, पाठीतून चिरायची आणि निखाऱ्यावर नुसती भाजायची, ना मीठ ना सोयाचा रस. एक घास तोंडात घेऊन ती खिडकीबाहेर बघत राहायची. मग म्हणायची "उद्या", नाहीतर "काढ". या बाबतीत यापेक्षा लांब वाक्य ती कधी बोलली नाही, आणि कोकिचीनेही कधी उलटं विचारलं नाही. काढ म्हणाली की तो टोपल्या उतरवायचा. तिने काढ म्हटलेली वाम तळीवाल्यांच्या संघाच्या चाचणीत कधी परत आली नव्हती. संघाची माणसंही तशीच नुसती भाजून चाखत, आणि पास झालेल्या वामीच्या पेटीवर निळा शिक्का मारत. निळ्या शिक्क्याची वाम म्हणजे तोक्योतल्या मोठ्या खानावळींनी आधीपासून बोलून ठेवलेली.

गेल्या पानगळीत फुसाए गेली. पोटाचं दुखणं होतं, फार लांबलं नाही. हिवाळा कोकिचीने कसाबसा काढला. हिवाळ्यात वामी चिखलात पडून असतात, काम थोडं असतं, आणि ते थोडं आहे हेच त्याला जड गेलं. वसंतात पाणी तापलं, वामी खायला वर आल्या, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. कुणालातरी भूक लागली होती.

त्या वामी तिच्या होत्या. समुद्रातून काचेसारखी पिल्लं येतात ती तिनेच निवडून घेतली होती, उबदार टाकीत वाढवली होती, आणि बादलीतच थोडं थोडं तळ्याचं पाणी चाखवत चाखवत तळ्यात सोडली होती. उघड्या तळ्यातली वाम सावकाश वाढते, दुसऱ्या उन्हाळ्यात बाजाराची होते. तोवर फुसाए राहिली नाही.

उन्हाळ्याच्या भरात बैलाचा दिवस येतो, आणि त्या दिवशी सगळा देश वाम खातो. यंदा पंचांगात बैलाचे दिवस दोन पडले होते. म्हणून कोकिचीने अर्धं तळं पहिल्या दिवसासाठी काढलं आणि अर्धं दुसऱ्यासाठी राखून ठेवलं. उतरत्या फळीवर वामी सोडून त्याने जाड-बारीक वेगळ्या केल्या, टोपल्या रचल्या आणि धार सोडली. इथवर हात आपोआप चालले. नेहमीची वेळ जवळ आली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आता सांगणारं कोणी नाही. तिने स्वतः निवडलेली वाम, आणि तीच निळ्या शिक्क्याशिवाय गेली तर? हा विचार त्याच्या मनातून जाईना.

रविवारी मुलगी आली. याएको शिझुओकाला दिलेली, दर रविवारी येऊन घर झाडायची, डबे भरून ठेवायची आणि बापाला चार गोष्टी सुनावून जायची. त्याने तिला वाम भाजून दिली आणि समोर बसला. तिने खाल्ली. छान आहे म्हणाली. त्याने विचारलं, वास? ती म्हणाली, वास वामीचा येतो. मग आणखी एक तुकडा तोंडात टाकून तिने कबूल करून टाकलं.

"बाबा, लहानपणी इतकी वाम खाल्लीय मी, की आता मला सगळ्या सारख्याच लागतात. माझ्या भरवशावर राहू नका."

त्याने धार आणखी एक दिवस ठेवली. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल काढायला हवी होती की काय, पण काढली आणि वास निघाला तर? म्हणून आणखी एक दिवस. पंप चालू, धार चालू, टोपल्यांत वामी गुंडाळून पडलेल्या. तो दिवसातून कितीतरी वेळा तिथे जाऊन उभा राही. धारेचा आवाज त्याला बरा वाटे. टोपलीत हात घालून तो एखादी वाम वर काढी, ती हातातून निसटे, तो पुन्हा झाकण लावी.

इवाओ बांधावरून जाता-येता बघत होता. त्याने एकदा विचारलं, पंप बिघडलाय का? कोकिची म्हणाला, नाही, चालू आहे. इवाओ म्हणाला, तेच म्हणतोय मी, बंद व्हायचं बिघडलंय का. कोकिची हसला नाही, तेव्हा तो पुढे गेला. त्यापुढे त्याला बोलता येत नव्हतं. गावची रीत होती की संघाकडे जाण्याआधी दुसऱ्याच्या तळ्याची वाम कोणी चाखायची नाही, तिच्याबद्दल मतही द्यायचं नाही. अमक्याच्या तळ्याला वास आहे अशी कुजबुज उठली की ती तोक्योपर्यंत जाते, आणि मग त्या तळ्याला उठायला वर्षं लागतात. लोक एकमेकांना जाळी देत, पंप देत, आजारपणात रात्रभर एकमेकांची चाकं राखत. जीभ मात्र ज्याची त्याने आपल्या घरात ठेवायची.

शेवटी एका सकाळी कोकिचीने स्वतःच निखारे पेटवले. वाम चिरली, भाजली, ताटलीत घेतली. चरबीचा वास घरभर झाला. काट्याएवढा तुकडा त्याने चॉपस्टिकने उचलला आणि ओठांपाशी नेला. हात थांबला. तुकडा परत ताटलीत ठेवून त्याने टोपी घातली आणि डोंगरावरच्या देवळाची वाट धरली.

देवळातले गुरुजी त्याच्यापेक्षा वयाने लहान होते, त्याच्या नवसाची गोष्ट त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकली होती. कोकिचीने विचारलं, नवस सोडवता येतो का? गुरुजी म्हणाले, येतो की. नवस आईचा होता, तुमचं आयुष्य व्हायचं ते झालं, धडधाकट आहात, एक दिवा लावू, चार मंत्र म्हणू. मग त्यांनी चहा ओतला आणि विचारलं की आत्ताच का आठवलं. कोकिचीने सगळं सांगितलं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "खायला माझी हरकत नाही. पण याबुझाकीसान, सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा वाम खाणाऱ्या माणसाला चांगली कोणती आणि वाईट कोणती, हे कळणार कसं?"

कोकिचीने चहाचा पेला खाली ठेवला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग त्याला हसू फुटलं, आणि गुरुजीही हसले. फुसाए गेल्यापासून तो असा हसला नव्हता. गुरुजी म्हणाले, ज्याला कळतं त्याच्याकडे जा. नवस राहू द्या तसाच, तो काय तुमच्याकडे खायला मागतोय?

उतरताना त्याने ठरवलं होतं, तरी इवाओच्या दारात जाऊन तो हवेच्या गप्पा मारत राहिला. ढग आलेत. तुझ्या नातवाचं कसं चाललंय. इवाओ टाक्यांचं पाणी तपासत होता, त्याने मान वर केली नाही. अखेर कोकिचीने शब्द टाकला. माझी वाम चाखशील का?

इवाओने हातातलं फडकं खाली ठेवलं. त्याने आजूबाजूला बघितलं, जणू कोणी चोरीचा माल विकायला आणलाय. मग म्हणाला, धुऊन येतो तोंड.

तो खरंच तोंड धुऊन, चूळ भरून आला. सकाळपासून सिगारेट ओढली नाही हेही त्याने सांगितलं, म्हणजे तो वाट बघत होता की काय, असं कोकिचीला वाटून गेलं. कोकिचीने नवी वाम काढली, चिरली, भाजली. इवाओ मागे उभा राहून कोळसा कुठला, आच जास्त नाही ना, असं विचारत राहिला.

"तू कोळसा चाखणार आहेस की वाम?" कोकिची म्हणाला.

"आधी कोळसा बरा असला तर वामीला विचारतो."

मग त्याने तुकडा तोंडात घातला. त्याने डोळे मिटले, सावकाश चावलं, पोटाकडचा दुसरा तुकडा घेतला, मग शेपटीकडचा. कोकिचीला वाटलं, फुसाएने इतका वेळ कधी लावला नव्हता.

"वास नाही," इवाओ म्हणाला.

कोकिचीचा जीव भांड्यात पडला.

"थांब. वास नाही, पण चरबीही नाही. कातडं दाताला लागतंय. अरे, ही कधीच काढायला हवी होती. शिक्का नाही मिळायचा हिला."

"आधी काढली असती आणि वास असता तर?"

"तुझ्या त्या तळ्याला कधी एवढी धार लागली होती? आयुष्यात? तुला आकडे पाठ आहेत, मला काय विचारतोस." इवाओने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "वासाला घाबरला नव्हतास तू, कोकिची. वामी नेणारा ट्रक यायला नको होता तुला."

कोकिची उठला आणि त्याने निखारे उगीचच सारखे केले. मग म्हणाला, "तिने सोडलेल्या आहेत त्या."

"ठाऊक आहे. पिल्लं आली तेव्हा मीही होतो तिथे. चांगली पिशवी मी बघून ठेवली होती, ती फुसाएने माझ्या नाकाखालून उचलली. वर मलाच म्हणाली, इवाओसान, तुमच्या हॉटेलात गर्दी होईल." इवाओने उरलेला तुकडा उचलून तोंडात टाकला. "बाईने एवढी भांडून आणलेली पिल्लं, ती उपाशी ठेवून रोडावायला नाही आणली."

हे कोकिचीला लागलं. पण खरं होतं म्हणून लागलं, आणि रागही आला नाही. दुपारी त्याने धार बंद केली. शहरातल्या एका साध्या खानावळीने त्या वामी घेतल्या. तिथे वाफवून, रस लावून, दाबून भाजून देतात, कोणी तक्रार करणार नव्हतं. शिक्का मात्र नव्हता. पहिला बैलाचा दिवस त्याच्यासाठी तसाच गेला. त्याला वाईट वाटलं, पण वाटलं होतं तेवढं नाही. टोपल्या धुऊन उन्हात उलट्या घालताना त्याच्या लक्षात आलं की अर्ध्या वामी अजून तळ्यात आहेत आणि त्यांना भूक लागली आहे.

त्या उरलेल्या वामी फुकट चाखायचं इवाओने साफ नाकारलं. मोबदल्यात त्याने कोकिचीचे डोळे मागितले. त्याच्या एका डोळ्याला मोतीबिंदू होता, दुसऱ्याचा भरवसा नव्हता. उघड्या तळ्याचं पाणी हिरवं की तपकिरी हे त्याला आता सुनेला विचारावं लागे, आणि सून म्हणे, पाण्यासारखं दिसतंय. तेव्हा ठरलं असं की रोज सकाळी कोकिचीने आधी इवाओच्या बांधावर जायचं, पाणी बघायचं आणि काय करायचं ते सांगायचं.

"कुणाला कळलं तर?" कोकिचीने विचारलं.

"काय कळेल? दोन म्हातारे सकाळी फिरतात."

गावाला अर्थात आठवड्याच्या आत कळलं. संघाच्या बैठकीत कोणीतरी रीतीचा विषय काढला. इवाओ म्हणाला, रीत ज्याच्या घरात जीभ आहे त्याच्यासाठी, याच्या घरातली गेली, आता काय शेजाऱ्याने उसनी द्यायची नाही? यावर कोणाला बोलता आलं नाही, कारण खोलीतल्या निम्म्या लोकांनी फुसाएला कधी ना कधी गुपचूप आपली वाम चाखायला दिली होती. हे आपल्यालाच ठाऊक आहे असं प्रत्येकाला वाटत होतं, पण एकाने ते बोलून टाकलं. कोकिचीला तर आजच कळलं. एकजण खाली मान घालून हसू लागला, मग दुसरा, आणि विषय तिथेच मिटला. घरी जाताना कोकिची मनात म्हणाला, बघ, मला कधी सांगितलं नाहीस. पण त्याला ते आवडलं होतं.

दुसऱ्या बैलाच्या दिवसाआधी उरलेलं तळं काढलं. धार सोडली. यावेळी तो टोपल्यांपाशी फार थांबला नाही, त्याला इवाओच्या पाण्याची काळजी होती, ते रात्रीतून पातळ व्हायला लागलं होतं. चाकं कमी कर, थोडं थोडं ताजं पाणी सोड, खाणं दोन दिवस निम्मं, असं त्याने सांगितलं आणि इवाओने मुकाट्याने केलं. पाणी सावरलं. इवाओ रोज संध्याकाळी तोंड धुऊन येई, एक तुकडा खाई, नाक आक्रसून निघून जाई. मग एका संध्याकाळी तो खाताना थांबला, पुन्हा एक तुकडा घेतला, आणि तिसरा घेऊ लागला तेव्हा कोकिचीने ताटली ओढून घेतली.

"चाखायला बोलावलंय, जेवायला नाही. सांग."

"सकाळी ट्रक बोलाव," इवाओ म्हणाला. "आणि ताटली दे इकडे."

सकाळी ट्रक आला. कोकिचीने स्वतः टोपल्या उतरवल्या, वामी पिशव्यांत घातल्या, वर बर्फ टाकला. ड्रायव्हर घाईत होता, दार लावून निघून गेला. कोकिची रस्त्यावर थोडा वेळ उभा राहिला. ट्रक वळणावर गेला. मग तो इवाओच्या बांधाकडे वळला, कारण सकाळ होती आणि पाणी बघायचं होतं. दुपारी संघातून फोन आला की शिक्का मिळाला. ज्याने फोन केला त्याने आणखी एक सांगितलं, की चाखणाऱ्यांत ताटलीवरून बाचाबाची झाली.

बैलाच्या दिवशी याएको आली. तिने बापासाठी वांगी आणली होती. लांब चिरून, काड्यांत ओवून, निखाऱ्यावर रस लावत भाजलेली वांगी भातावर ठेवली की लांबून वामीसारखीच दिसतात. फुसाए दर वर्षी या दिवशी त्याला हेच करून घालायची. याएकोचा रस जरा गोड झाला होता. त्याने तसं सांगितलं नाही. त्याने फुसाएच्या फोटोपुढे भात आणि चहा ठेवला, याएकोने त्यात हळूच एक वांग्याची फोडही ठेवली.

इवाओला बोलावलं होतं. त्याच्यासाठी त्याच तळ्यातली एक वाम मागे ठेवली होती. तिघं ओसरीत बसले. तळ्यावरून वारा येत होता, इवाओच्या तळ्यातली चाकं फिरत होती, रिकाम्या तळ्याचा चिखल उन्हात वाळत होता. पुढच्या हिवाळ्यात पिल्लं निवडायला कोणी जायचं यावर याएको आणि इवाओचा वाद चालला होता. याएको म्हणत होती, मी जाईन, मला आईने दाखवलंय. इवाओ म्हणत होता, मग माझी पिशवी राखून ठेव. कोकिची ऐकत वांगं खात होता.

इतकी वर्षं फुसाए समोर बसून खायची. उद्या म्हणायची, काढ म्हणायची. त्याने एकदाही विचारलं नव्हतं. आता त्याने इवाओकडे बघितलं आणि विचारलं, "कशी लागते रे ती?"

इवाओ घास तोंडात धरून थांबला. त्याने छताकडे बघितलं, मग तळ्याकडे. याएकोही बघत राहिली. तो खूप वेळ विचार करत होता, आणि एवढ्या वेळात वाम गार होतेय हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"कशी म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "बाहेरून जरा कुरकुरीत, आत मऊ. तोंडात घातली की आहे आहे म्हणेपर्यंत नसते. मग पुन्हा हवीशी वाटते." त्याने पुन्हा विचार केला. "जाऊ दे. मला बोलायला लावलंस की माझी गार होते. तू तुझं वांगं खा."

कोकिची म्हणाला, वांगंही तसंच लागतं. इवाओ म्हणाला, मग भांडण कशाला. याएकोने दोघांच्या वाडग्यांत आणखी भात वाढला.